ओटा, पावती आणि पाटी

या महिन्यात आलेली पत्रं जवळपास सगळी बाजारातली आहेत. म्हणून वारसाहक्काचे आणि पेन्शनचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत, ते पुढच्या अंकात घेईन. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : मी मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत ३१ वर्षं नोकरी केली. वडील तिथेच तहबाजारीच्या, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जागेच्या कराच्या, पावत्या फाडायचे. ते गेल्यावर मी अनुकंपावर लिपिक म्हणून लागले आणि करनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोटिसा मी टाइप केल्या आहेत, वाटल्याही आहेत, आणि त्या हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा उतरतो तेही पाहिलं आहे.

प्रश्न : आक्का, जुन्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आजेसासऱ्यांपासूनचं. पालिकेची नोटीस आली आहे की सात दिवसांत ओटा, पायऱ्या आणि पुढचे पत्रे काढा, नाहीतर पालिका काढील आणि खर्च तुमच्याकडून घेईल. घरातले म्हणतात, सगळ्यांचं होईल ते आपलं होईल. मला झोप लागत नाही. शिवाय सगळ्या दुकानांना एकाच मापाची, एकाच रंगाची पाटी लावायची, असं तोंडी सांगून गेले. हे कायद्यात आहे का?
– एक भगिनी, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, ‘सगळ्यांचं होईल ते आपलं होईल’ हे मी नोटिसा वाटताना दारोदार ऐकलं आहे. तेवढ्यात सात दिवस निघून जातात. आधी नोटीस पुन्हा वाचा. जावक क्रमांक आहे का, सही कोणाची आहे, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम लिहिलंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेमकं किती फूट काढायचं ते लिहिलंय का. नुसतंच ‘अतिक्रमण काढावे’ असं असेल तर आजच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एका पानाचा अर्ज द्या. मोजणी कधी केली, अतिक्रमण किती निघालं, त्याचा नकाशा द्यावा, आणि आमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कारवाई करू नये, एवढंच त्यात लिहा. अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

तिथून भूमी अभिलेख कार्यालयात जा. तुमच्या जागेचं मालमत्ता पत्रक, म्हणजे लोक ज्याला पीआर कार्ड म्हणतात ते, आणि नगर भूमापनाचा नकाशा काढा. ओटा हद्दीच्या आत बसतो की बाहेर, हे त्यावरून कळेल. इथे लोकांची नेहमी गल्लत होते. ओटा तुमच्या हद्दीत असेल तर ते अतिक्रमणच नव्हे. रस्ता रुंद करायला पालिकेला ती जागा हवी असेल तर ती रीतसर संपादन करावी लागते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात त्यासाठी कलम १२६ आहे. मोबदला रोखीत मिळतो, नाहीतर टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयच्या (उरलेल्या जागेवर जास्त बांधकामाची मुभा) रूपात. ओटा हद्दीबाहेर, नालीवर आलेला असेल तर मात्र कायदा तुमच्या बाजूनं नाही. तिथे हुज्जत घालू नका. उचलून आत ठेवता येतील अशा पायऱ्या लावायची परवानगी लेखी मागा.

घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर जोडा. त्यांनी मालकी सिद्ध होत नाही, पण ताबा किती जुना ते दिसतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. निजामाच्या काळातलं खरेदीखत उर्दूत असतं आणि कुणाला वाचता येत नाही म्हणून ते ट्रंकेत पडून राहतं. ते काढा आणि त्याचं भाषांतर करून घ्या. मी एका घरात असा कागद पाहिला, त्यात जागेच्या चारही बाजू लिहिल्या होत्या. पूर्वेला ‘रस्ता’ आणि त्याच्या अलीकडे ‘चबुतरा’. चबुतरा म्हणजेच ओटा.

वेळ फारच कमी असेल तर वकील गाठून दिवाणी न्यायालयात मनाई मागता येते. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. पण त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, तुमच्याकडे सात आहेत. म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

ही सगळी कागदाची वाट झाली. मला तुम्हाला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला जड जातंय.

२००४ साली आमच्या पेठेत रुंदीकरण झालं, तेव्हा पंचनाम्याला मी होते. तिथेही एक कासारीण होती, माझ्या लग्नाचा हिरवा चुडा तिनंच भरला होता. तिच्या दुकानापुढे शहाबादी फरशीचा ओटा. ती आत पाटावर बसायची, गिऱ्हाईक ओट्यावर, आणि मध्ये हात ठेवायला चिंध्यांची छोटी उशी. इतक्या बायका त्या ओट्याच्या कडेला बसून गेल्या होत्या की मधली फरशी झिजून गुळगुळीत झाली होती, पाणी सांडलं की तिथेच साचायचं. जेसीबीनं तो ओटा दहा मिनिटांत काढला. पंचनाम्यात मी लिहिलं, ‘ओटा अंदाजे ३ फूट’. अंदाजे! टेप आणलाच नव्हता.

ओटा गेला, पण दुकानाचं जोतं रस्त्यापासून पावणेतीन फूट वर तसंच राहिलं. पायऱ्या ओट्याबरोबर गेल्या होत्या. तिनं एक लाकडी स्टूल ठेवलं. तरण्या पोरी त्यावरून चढायच्या. डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायला आलेली सातव्या महिन्यातली बाई कशी चढणार? म्हाताऱ्या खालूनच म्हणायच्या, ‘राहू दे माय, पुढच्या बाजारी बघू.’ पत्रा गेल्यामुळे ऊन थेट गादीपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, त्या उन्हात दुपारी कोण थांबतं? दोन वर्षांत दुकान बंद झालं. पुढे तिथे मोबाइलचं सामान विकणारं दुकान आलं आणि त्या मालकानं ओट्याच्या जागेवरच स्टीलच्या पायऱ्या बसवल्या. त्याला कुणी नोटीस दिली नाही. काही वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी मी त्या गल्लीचा नगर भूमापनाचा नकाशा काढला, तेव्हा दिसलं की त्या ओट्याचा दीड फूट तिच्या स्वतःच्या हद्दीत होता. तोवर ती लेकीकडे पुण्याला गेली होती. पंचनाम्यावर सही माझीच आहे.

म्हणून ताई, मोजणी मागा. तातडीची मोजणी मागता येते, फी जास्त पडते, तरी मागा. आणि पालिकेकडे लेखी विचारा की ओटा काढल्यावर जोत्यापर्यंत चढायची काय सोय राहील. हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि कुणाच्या आराखड्यातही तो नसतो. गल्लीतल्या दहा-बारा दुकानदारांनी मिळून विचारला तर पालिकेला उत्तर द्यावं लागतं. एकट्या दुकानदाराला ‘बघू’ म्हणतात, दहा जण आले की खुर्च्या मागवतात. हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

जुन्या वस्तीला नव्या लेआउटचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यभर जी एकत्रिकृत बांधकाम नियमावली लागू झाली, तिच्यात दाट वस्तीच्या जुन्या भागासाठी वेगळी कलमं आहेत. ‘नियमात बसत नाही’ असं कुणी म्हटलं तर कोणत्या भागाच्या नियमात, हे विचारा.

आता पाटी. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. पाटी मराठीत, देवनागरीत हवी, मराठी अक्षर आधी हवं, आणि दुसऱ्या लिपीतलं अक्षर मराठीपेक्षा मोठं नको. हे लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना लागू आहे आणि ते मला मनापासून पटतं. पण एकाच रंगाची, एकाच मापाची पाटी लावा असं त्या कायद्यात कुठेही नाही. पालिकेनं तसा ठराव केला असेल तर ठरावाची प्रत मागा. तोंडी सांगण्यावरून खर्च करू नका. तुमच्या पाटीवर हातानं रंगवलेला हिरवा चुडा असेल तर तो ठेवा. आमच्या गावात एकच पेंटर होता, प्रत्येक दुकानाचा ‘र’ तो वेगळ्या वळणाचा काढायचा, आणि अडाणी माणूससुद्धा त्या वळणावरून दुकान ओळखायचा. फ्लेक्स आल्यावर त्यानं ब्रश ठेवला. उरलेल्या पाट्या तरी एका मापाच्या करू नयेत, असं मला फार वाटतं.

प्रश्न : माझी आई तीस वर्षं आठवडी बाजारात भाजी विकते. गुत्तेदाराचा माणूस पैसे घेऊन चिठ्ठी देतो, तिच्यावर काहीच छापलेलं नसतं. आता बाजार गावाबाहेर बायपासजवळ नेणार म्हणतात. आईला जागा मिळेल का? तिला लिहिता येत नाही म्हणून मी लिहिते आहे.
– एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर : बाळा, आईला सांग की तिच्यासाठी संसदेनं २०१४ साली एक अख्खा कायदा केलेला आहे. त्याला पथविक्रेता कायदा म्हणतात आणि तुमच्या गावात नगरपरिषद आहे म्हणजे तो तिथे लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी तिला वाचून दाखव. दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण झालं पाहिजे, आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हलवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस हवी. माल उचलला तर त्याची यादी दिली पाहिजे, आणि भाजीसारखा नासणारा माल सोडवायला गेलं की त्याच दिवशी परत द्यायला हवा. आणि हे सगळं ठरवणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांनी आपसांत निवडून दिलेल्या. त्यांतल्या एकतृतीयांश बायकांच्या.

बाजार हलवायच्या बाबतीत त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक ओळ आहे, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्या नैसर्गिक बाजारात ५० वर्षांहून जास्त काळ विक्री चालू आहे तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. नैसर्गिक बाजार म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे पूर्वीपासून आपसूक जमतात तो. मराठवाड्यातले किती आठवडी बाजार याहून जुने असतील! पण तो जाहीर व्हावा लागतो, आणि त्यासाठी कुणीतरी मागणी करावी लागते. तुमचा बाजार किती जुना आहे हे गावातली सत्तरीची माणसं सांगतील. त्यांचं लिहून घे, सह्या-अंगठे घे. पालिकेच्या जुन्या दप्तरात तहबाजारीच्या हर्रासाचे, म्हणजे लिलावाचे, कागद असतात. कोणत्या वर्षी कोणत्या जागेचा हर्रास झाला ते माहिती अधिकारात माग. वडील म्हणायचे, बाजाराची जन्मपत्रिका हर्रासाच्या फायलीत असते.

समितीच्या बैठकीत ‘एवढे विक्रेते मावणार नाहीत’ असं ऐकायला येईल. कायद्यात मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के आहे. ४० हजारांच्या गावात ती १,००० विक्रेत्यांची होते. हा आकडा पाठ करून ठेव.

चिठ्ठीचं मात्र आजपासून बदला. पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक आणि पालिकेचं नाव छापलेली पावती मागायची. वडील पावती फाडल्यावर ती बाईच्या हातात नीट ठेवायचे आणि म्हणायचे, ‘माय, चुलीत घालू नको.’ तेव्हा मला वाटायचं, दोन रुपयांच्या कागदाचं एवढं काय. पुढे गाळेवाटपाच्या वेळी एका बाईनं गोधडीच्या खोळीतून १९ वर्षांच्या पावत्या काढून टेबलावर ठेवल्या आणि तिचं नाव यादीत घ्यावंच लागलं. तिच्या शेजारी तितकीच वर्षं बसलेल्या दोघींकडे एकही पावती नव्हती. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही.

प्रश्न : मी घरी धपाटे, शेंगाची चटणी आणि उपवासाची भगर भाजून विकते. ‘लायसन कुठंय’ म्हणून एक जण दम देऊन गेला.
– एक गृहिणी, लातूर

उत्तर : आधी त्याला ओळखपत्र विचारायचं होतं. पुढच्या वेळी विचारा. तुमच्याएवढ्या लहान व्यवसायाला मोठा परवाना नव्हे, अन्नसुरक्षा कायद्याखाली साधी नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि २०११ च्या नियमांत तिची फी वर्षाला १०० रुपये ठेवली होती. दलालाला हजार-दोन हजार देऊ नका, महाविद्यालयात जाणारं कुणीही पोर अर्ज भरून देईल. नोंदणी क्रमांक चटणीच्या पाकिटावर लिहा. राहत्या घरात कुटुंबानं चालवलेला लहान उद्योग निवासी भागात चालतो, पण वीजमीटर घरगुती असेल तर मोठं दळणयंत्र बसवण्याआधी वीज कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : मॅडम, तुम्ही मागच्या दोन अंकांत अतिक्रमणवाल्यांची बाजू घेतली. माझ्या आजोबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा रुग्णवाहिका मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर वीस मिनिटं अडकली. ते वाचले, पण थोडक्यात. ओटे, टपऱ्या, हातगाडे, सगळं सरसकट काढलं पाहिजे. गावाचं जुनं रूप म्हणजे फक्त घाण आणि कोंडी.
– एक अभियंता, नांदेड

उत्तर : दादा, आजोबा वाचले हे वाचून बरं वाटलं. तुमचा राग खरा आहे आणि रुग्णवाहिकेला वाट मिळालीच पाहिजे, त्यावर माझं काही दुमत नाही. नालीवर पक्का स्लॅब टाकून दुकान वाढवणाऱ्याची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही. त्यामुळे नाली साफ होत नाही आणि पहिल्याच पावसात पाणी समोरच्या गरिबाच्या घरात शिरतं.

पण एक करा. त्याच रस्त्यावर सकाळी अकराला उभे राहा आणि रस्ता कशानं भरलाय ते मोजा. मी नोकरीत असताना एकदा आमच्या मुख्य रस्त्यावर मोजलं होतं. साधारण दोनशे पावलांच्या अंतरात १४ हातगाडे होते आणि उभ्या केलेल्या मोटारसायकली ११० च्या वर. त्यातल्या कितीतरी दुकानदारांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या नोकरांच्या. कारवाई झाली ती १४ हातगाड्यांवर. गाडा उचलून नेता येतो, गाड्याला नंबरप्लेट नसते आणि त्याचा मालक नगरसेवकाला फोन करत नाही. तुम्ही अभियंता आहात, तुमच्या रस्त्याची अशी मोजणी करून पालिकेला द्या. वाहनतळ कुठे हवा ते त्यातून दिसेल.

आणि जुनं रूप म्हणजे बेशिस्त, हे मला मान्य नाही. आपल्या लातूरची गंजगोलाई घ्या. निजामाच्या राजवटीत, १९१७ साली उभी राहिली ती नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातून. मध्ये गोल दुमजली इमारत, तिच्या पोटात देवीचं मंदिर आणि चारी दिशांना फुटलेले १६ रस्ते. कुठे सराफ, कुठे चप्पल-जोडे, कुठे मिरची आणि गूळ. आज लोक जिला जुनं लातूर म्हणून मिरवतात ती गंजगोलाई त्या काळचा नियमच होता. पण तो नियम करणाऱ्यानं आधी पाहिलं होतं की गूळ घ्यायला आलेला माणूस पुढे कुठे वळतो, बैलगाडी कुठे सोडतो, बायका कुठे बसतात. मला नियमाकडून एवढंच हवं आहे.

उलटं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यांत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागेवर वसवली. पक्की घरं मिळाली, जीव सुरक्षित झाले, ते काम फार मोठं होतं आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. औसा तालुक्यातल्या अशाच एका गावात माझ्या बहिणीचं सासर आहे. रस्ते इतके रुंद की दोन ट्रॅक्टर आरामात जातात. तिच्या सासूबाईंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘घर लई चांगलंय माय, पण दारात बसलं तर समोरच्या दाराशी बोलता येत नाही. वरडावं लागतं.’ किराणा दुकान गावाच्या एका टोकाला, पिठाची गिरणी दुसऱ्या टोकाला. पुढे लोकांनी आपापल्या अंगणात ओटे बांधले, कोपऱ्यावर टपऱ्या टाकल्या, बसस्टँडपाशी शनिवारचा बाजार आपोआप भरायला लागला. त्या टपऱ्यांनाही आता नोटिसा येतात.

तुमच्या मोंढ्यात रुग्णवाहिकेसाठी बारा फुटांची मोकळी पट्टी पांढऱ्या रेघेनं आखा, तिच्यावर कुणाचंच काही नको, ना गाडा, ना मोटारसायकल, ना दुकानाचं पोतं. तुम्ही ही मागणी घेऊन गेलात तर हातगाडेवालेसुद्धा सही करतील. मी आमच्या गावात विचारून पाहिलं आहे, त्यांनी केली होती.

प्रश्न : आमच्या गावाची नवी विकास योजना येणार आहे. आमचा गाळा जुना, कागद काहीच नाही. हरकत घ्यायची तर पुरावा कुठून आणायचा?
– एक भांड्यांचे व्यापारी, हिंगोली जिल्हा

उत्तर : काका, आधी ही संधी किती दिवसांनी येते ते बघा. विकास योजना २० वर्षांतून एकदा नव्यानं करायची, असा कायदा आहे. प्रारूप जाहीर झालं की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, हरकतींची मुदत त्यात लिहिलेली असते, नकाशा पालिकेत लावतात आणि नंतर सुनावणी होते. आमच्याकडे मागच्या वेळी नकाशा सभागृहाच्या भिंतीवर लावला होता. बघायला रोज यायचे ते प्लॉटिंगवाले. पेठेतला दुकानदार दुकान सोडून कसा येईल, म्हणून आलाच नाही, आणि रेघ पेठेतूनच गेली. तुम्ही सकाळी दुकान उघडायच्या आधी जा, आपला सर्व्हे नंबर शोधा, मोबाइलवर फोटो काढा. हरकत एका पानाची, एकाच मुद्द्याची असू द्या.

पुराव्याचं म्हणाल तर तो घरातच असतो. वीजबिलं, जुनी खातेवही, घाऊक व्यापाऱ्याची बिलं आणि लग्नाचे अल्बम. वरात पेठेतूनच जाते ना! घोड्याच्या मागे दुकानाची पाटी, ओटा, टांगलेले हंडे दिसतात. शेजाऱ्यांच्या घरचे अल्बमसुद्धा बघा. १९७८ च्या एका वरातीच्या काळ्यापांढऱ्या फोटोत नवरदेवाच्या खांद्यावरून आमच्या पेठेतल्या तीन दुकानांच्या पायऱ्या मोजता येतात. तो फोटो मी सुनावणीला नेला होता.